फॅफ्सामधील एक प्रश्न आणि ओळ ८-आर

अमेरिकेत महाविद्यालयीन शिक्षणासाठी सरकारी आर्थिक साहाय्य मागायचे असेल, तर फॅफ्सा हा अर्ज दरवर्षी नव्याने भरावा लागतो. अर्ज विनामूल्य आहे, तो केंद्र सरकारच्या शिक्षण विभागाकडे जातो, आणि त्यातून निघणाऱ्या आकड्यावर केवळ सरकारी अनुदानेच नव्हे, तर महाविद्यालयाने स्वतःच्या निधीतून दिलेली मदतही पुष्कळदा अवलंबून असते. माझी मुलगी २०२२ च्या ऑगस्टमध्ये न्यू जर्सीतून शेजारच्या राज्यातील एका खासगी महाविद्यालयात शिकायला गेली. तेव्हापासून हे काम माझ्याकडे आहे, कारण कागदपत्रे जपून ठेवण्याची सवय आमच्या घरात मला एकटीलाच आहे. तिच्या शेवटच्या वर्षासाठीचा, म्हणजे २०२५-२६ चा अर्ज भरताना सर्वांत जास्त विचार करायला लावला तो विद्यार्थ्याच्या विभागातील एका प्रश्नाने. महाविद्यालयाची जी अनुदाने, शिष्यवृत्त्या किंवा अमेरिकॉर्प्स या सेवा योजनेचे जे लाभ प्राप्तिकर विभागाला उत्पन्न म्हणून कळवले असतील, त्यांची रक्कम त्यात विचारली जाते. उत्तरासाठी एकच चौकट असते आणि तिच्यात एकच आकडा लिहायचा असतो.

हा प्रश्न प्रथम वाचणाऱ्या बहुतेकांना असे वाटते की, मुलाला किती शिष्यवृत्ती मिळते हे सरकार विचारत आहे आणि जितका मोठा आकडा लिहू तितकी पुढची मदत कमी होईल. प्रत्यक्षात दोन्ही समज चुकीचे आहेत. येथे मिळालेली शिष्यवृत्ती विचारलेली नाही, तर तिचा जो भाग विद्यार्थ्याच्या प्राप्तिकर विवरणपत्रात उत्पन्न म्हणून आला तेवढाच विचारला आहे. शिवाय हा आकडा उत्पन्नात मिळवण्यासाठी नव्हे, तर त्यातून वजा करण्यासाठी हवा असतो. प्राप्तिकर खात्याच्या, म्हणजे आयआरएसच्या, दृष्टीने ती रक्कम मुलीचे उत्पन्न असते. शिक्षण विभागाच्या दृष्टीने मात्र ती शिक्षणासाठीच मिळालेली आणि शिक्षणावरच खर्च झालेली मदत असते, त्यामुळे तिच्या जोरावर कुटुंबाची ऐपत वाढली असे धरणे न्याय्य ठरत नाही. हा प्रश्न रिकामा सोडला किंवा त्यात शून्य लिहिले, तर मुलीने जणू ते पैसे नोकरी करून मिळवले असे गृहीत धरून हिशेब होतो.

आमच्या पहिल्या दोन अर्जांत या प्रश्नाचे उत्तर निर्विवाद शून्य होते. फॅफ्सामध्ये उत्पन्न दोन वर्षे मागचे घेतले जाते. २०२२-२३ च्या अर्जासाठी २०२० चे आणि २०२३-२४ साठी २०२१ चे विवरणपत्र धरले गेले, आणि त्या वर्षी मुलगी अजून शाळेत होती. २०२४-२५ चा अर्ज २०२२ च्या उत्पन्नावर होता. तो अर्ज अनेकांच्या लक्षात राहिला असेल, कारण कायद्यातील बदलांमुळे संपूर्ण नमुनाच नवा झाला, एरवी ऑक्टोबरमध्ये खुला होणारा अर्ज डिसेंबर २०२३ च्या अखेरीस सुरू झाला आणि महाविद्यालयांकडे माहिती पोहोचायला मार्च उजाडला. २०२२ मध्ये तिचे महाविद्यालयाचे पहिलेच सत्र झाले होते आणि तिचे एकूण उत्पन्न विवरणपत्र भरणे बंधनकारक होण्याच्या मर्यादेपेक्षा बरेच कमी होते. विवरणपत्रच भरले नाही, तर त्यात काही दाखवले असे होत नाही, म्हणून त्याही वर्षी उत्तर शून्यच. खुद्द अर्जातील मदतीच्या टिपेतही म्हटले आहे की, हा प्रश्न बहुधा अर्जाचे नूतनीकरण करणाऱ्यांना लागू होतो, प्रथमच भरणाऱ्यांना नव्हे. २०२५-२६ च्या अर्जाला मात्र २०२३ चे विवरणपत्र लागणार होते आणि त्या वर्षाची दोन्ही सत्रे तिने महाविद्यालयात काढली होती. खरा हिशेब तेथून सुरू झाला.

शिष्यवृत्तीवर कर लागू शकतो, हेच आपल्याकडील अनेक पालकांना पटत नाही. अमेरिकी करकायद्याच्या ११७ व्या कलमानुसार पदवीसाठी शिकणाऱ्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती शिकवणी शुल्क, अनिवार्य शुल्के आणि अभ्यासक्रमाला आवश्यक असलेली पुस्तके व साहित्य यांवर खर्च झाली, तर ती करमुक्त राहते. तीच शिष्यवृत्ती डॉर्मचे (वसतिगृहाचे) भाडे, मेल प्लॅन (जेवणाची सोय), प्रवास किंवा ऐच्छिक उपकरणे यांसाठी वापरली गेली, की तेवढा भाग करपात्र होतो. पैसे विद्यार्थ्याच्या हाती न येता थेट महाविद्यालयाच्या खात्यात वळते झाले, तरी नियम बदलत नाही. खासगी महाविद्यालये उदार अनुदान देतात तेव्हा ते शुल्काची रक्कम ओलांडून राहण्या-जेवण्याच्या खर्चात शिरते, आणि कराचा प्रश्न तेथे उभा राहतो. ज्यांचे अनुदान शुल्कापेक्षा कमी असते, त्या कुटुंबांचा या प्रश्नाशी सहसा संबंध येत नाही.

महाविद्यालयाने २०२४ च्या जानेवारीत मुलीच्या नावाने १०९८-टी हा नमुना पाठवला. त्याच्या पहिल्या चौकटीत वर्षभरात शुल्कापोटी जमा झालेली रक्कम असते आणि पाचव्या चौकटीत महाविद्यालयामार्फत आलेल्या शिष्यवृत्त्या व अनुदाने असतात. तिच्या नमुन्यात पहिल्या चौकटीत ३७,४०० डॉलर आणि पाचव्या चौकटीत ४५,७०० डॉलर होते. वरवर पाहता दोहोंतील फरक हाच करपात्र भाग वाटतो, आणि करविवरणाची अनेक सॉफ्टवेअरे सुरुवातीला तसेच सुचवतात. तेवढ्यावर थांबणे मला योग्य वाटले नाही, कारण हा नमुना जानेवारी ते डिसेंबर असा चालतो आणि महाविद्यालयाचे बिल मात्र शैक्षणिक वर्षाप्रमाणे निघते. जानेवारीत सुरू होणाऱ्या सत्राचे बिल आदल्या डिसेंबरात लागते, काही कुटुंबे ते डिसेंबरातच भरतात, तर शिष्यवृत्ती खात्यावर जानेवारीत जमा होते. असे झाले, तर शुल्क एका वर्षाच्या नमुन्यात आणि ते फेडणारी शिष्यवृत्ती दुसऱ्या वर्षाच्या नमुन्यात पडते, आणि कारण नसताना मोठी रक्कम करपात्र दिसू लागते.

म्हणून मी मुलीला विद्यार्थी खात्याचा संपूर्ण उतारा उतरवून घ्यायला सांगितले. तिच्या पोर्टलवर प्रत्येक नोंद तारखेसह होती: शुल्क, तंत्रज्ञान शुल्क, आरोग्य शुल्क, डॉर्म, मेल प्लॅन, महाविद्यालयाचे अनुदान, गुणवत्ता शिष्यवृत्ती, फेडरल (केंद्र सरकारचे) कर्ज आणि आम्ही भरलेल्या रकमा. तो उतारा समोर ठेवून २०२३ च्या दोन्ही सत्रांची जुळणी केली, तेव्हा पहिल्या चौकटीतील आकडा खरोखरच त्या वर्षाच्या दोन सत्रांचा आहे, याची खात्री पटली. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु त्याला पर्याय नाही. महाविद्यालय पाठवते तो नमुना माहितीपुरता असतो आणि करपात्र रक्कम ठरवण्याची जबाबदारी विद्यार्थ्याची असते. किंबहुना ज्याचे संपूर्ण शुल्क शिष्यवृत्तीतूनच भागते, त्याला हा नमुना पाठवण्याचे बंधनही महाविद्यालयावर नसते. कर मात्र त्यालाही लागू होऊ शकतो.

दोन गोष्टी त्या नमुन्यात नव्हत्या आणि त्या आपण होऊन मिळवाव्या लागल्या. पहिली म्हणजे आमच्या भागातील मराठी मंडळाने मुलीला दिलेली ५०० डॉलरची शिष्यवृत्ती. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात धनादेश तिच्या नावाने दिला गेला होता आणि तो महाविद्यालयाच्या खात्यातून गेला नव्हता, त्यामुळे पाचव्या चौकटीत त्याची नोंद असणे शक्यच नव्हते. (बाहेरची शिष्यवृत्ती महाविद्यालयाच्या फायनान्शियल एड ऑफिसला कळवणे आवश्यक असते, ते आम्ही केले होते. त्याने कधी कधी महाविद्यालय स्वतःच्या अनुदानातून तेवढी रक्कम कमी करते, हे मंडळाच्या कार्यकर्त्यांना सांगितल्यावर त्यांना आश्चर्य वाटले.) दुसरी म्हणजे पुस्तके आणि प्रयोगशाळेचे साहित्य. त्यांच्या पावत्या जपून ठेवल्या होत्या व त्यांची बेरीज ९०० डॉलर झाली. अशा रीतीने एकूण शिष्यवृत्ती ४६,२०० डॉलर आणि करमुक्त ठरणारा शैक्षणिक खर्च ३८,३०० डॉलर असा हिशेब जमला. करपात्र भाग ७,९०० डॉलर निघाला. कर्जाची रक्कम यात कोठेही आली नाही, कारण कर्ज हे उत्पन्न नव्हे. महाविद्यालयाच्या मदतपत्रात अनुदान, कर्ज आणि कामाचे वेतन एकाखाली एक छापलेले असतात, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे.

येथे एक निर्णय घ्यावा लागला आणि तोच या सर्व प्रकरणातील सर्वांत विचार करण्याजोगा भाग होता. पालकांना शिक्षणाच्या खर्चावर अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट नावाची करसवलत मिळते. पदवीच्या पहिल्या चार वर्षांसाठी दरवर्षी जास्तीत जास्त २,५०० डॉलरची ही सवलत थेट करातून वजा होते. पहिल्या २,००० डॉलरच्या खर्चावर पूर्ण आणि पुढच्या २,००० डॉलरवर चतुर्थांश, असे तिचे गणित आहे, म्हणजे पूर्ण सवलतीसाठी ४,००० डॉलरचे शुल्क कुटुंबाने भरलेले असावे लागते. मुलीचे सर्व शुल्क शिष्यवृत्तीनेच भागले असे धरले, तर आमच्या वाट्याला शुल्क उरत नाही आणि सवलतही मिळत नाही. परंतु आयआरएसच्या ९७० क्रमांकाच्या पुस्तिकेत स्पष्ट सांगितले आहे की, शिष्यवृत्तीच्या अटी आड येत नसतील, तर तिचा काही भाग राहण्या-जेवण्यासाठी वापरला असे विद्यार्थी ठरवू शकतो. मग तेवढे शुल्क कुटुंबाने भरले असे मानता येते आणि शिष्यवृत्तीचा तेवढा जादा भाग विद्यार्थ्याच्या उत्पन्नात धरावा लागतो.

ही पळवाट नव्हे, नियमांनीच दिलेली निवड आहे. तरीही ती डोळे झाकून करता येत नाही. प्रथम मी मदतपत्रातील प्रत्येक शिष्यवृत्तीच्या अटी वाचल्या. गुणवत्ता शिष्यवृत्ती केवळ शिकवणी शुल्कासाठीच असल्याचे लिहिले होते, म्हणून ती बाजूला ठेवली. महाविद्यालयाचे गरजेवर आधारित अनुदान मात्र शिक्षणाच्या एकूण खर्चासाठी होते, त्यामुळे त्यातील ४,००० डॉलर डॉर्मकडे वळवण्यास हरकत नव्हती. त्यानंतर डॉर्म आणि मेल प्लॅनचा खर्च तेवढा झाला होता का, हे पाहिले. तो वर्षभरात १४,८०० डॉलर होता, म्हणजे पुरेसा. आणि आमच्याकडून प्रत्यक्षात पैसे गेले होते का, तर काही रक्कम आम्ही भरली होती आणि काही मुलीच्या फेडरल कर्जातून गेली होती. कर्जातून भरलेले शुल्क हे स्वतः भरलेलेच मानले जाते. या निवडीनंतर मुलीच्या विवरणपत्रातील करपात्र शिष्यवृत्ती ७,९०० ऐवजी ११,९०० डॉलर झाली.

तिने २०२३ च्या उन्हाळ्यात आणि सत्र चालू असताना केलेल्या कामाचे वेतन ६,१०० डॉलर होते, म्हणून तिचे एकूण उत्पन्न १८,००० डॉलर झाले. प्रमाणित वजावट (स्टँडर्ड डिडक्शन) ठरवताना करपात्र शिष्यवृत्ती कमावलेल्या उत्पन्नात धरली जाते, त्यामुळे तिला त्या वर्षाची पूर्ण १३,८५० डॉलरची वजावट मिळाली आणि कर लागण्याजोगी रक्कम ४,१५० डॉलर उरली. गंमत अशी की, ज्याला येथे किडी टॅक्स म्हणतात, त्याच्या हिशेबात हीच शिष्यवृत्ती न कमावलेले उत्पन्न ठरते. चोवीस वर्षांखालील पूर्णवेळ विद्यार्थी आपला निम्म्याहून अधिक खर्च स्वतःच्या कमाईतून भागवत नसेल आणि त्याचे न कमावलेले उत्पन्न २०२३ मध्ये २,५०० डॉलरहून अधिक असेल, तर त्यावरील कर पालकांच्या दराने लागतो व त्यासाठी ८६१५ हा वेगळा नमुना जोडावा लागतो. आमचा दर १२ टक्के असल्याने तिला जवळपास ५०० डॉलर कर आला. आमच्या करातून २,५०० डॉलर कमी झाले. पालकांचे उत्पन्न जास्त असेल, तर हे अंतर कमी होते. संयुक्त विवरणपत्र भरणाऱ्यांची सवलत १,६०,००० डॉलरच्या पुढे घटत जाते आणि १,८०,००० ला ती संपते. तेव्हा शेजारच्या कुटुंबाने केले म्हणून आपण करावे असा हा विषय नाही.

करपात्र शिष्यवृत्ती विवरणपत्रात कोठे लिहायची, यालाही महत्त्व आहे. पूर्वी ती वेतनाच्या ओळीवर एका संक्षेपासह लिहीत असत. २०२२ च्या विवरणपत्रापासून तिच्यासाठी शेड्यूल वन या जोडपत्रात ८-आर ही स्वतंत्र ओळ आली. मुलीच्या विवरणपत्रात त्या ओळीवर ११,९०० हा आकडा छापला गेला, तेथून तो एकूण उत्पन्नात आणि मग समायोजित एकूण उत्पन्नात, म्हणजे एजीआयमध्ये गेला. एप्रिल २०२४ मध्ये विवरणपत्र दाखल केल्यावर मी त्या जोडपत्राची एक प्रत फॅफ्साच्या फाइलमध्ये लावून ठेवली. त्या प्रतीशिवाय पुढचे काम अडले असते.

२०२५-२६ चा फॅफ्सा नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. नव्या पद्धतीत अर्जदार विद्यार्थी आणि त्याचे पालक यांनी आपापल्या खात्यांतून स्वतंत्रपणे प्रवेश करायचा असतो आणि आयआरएसकडून करविषयक माहिती थेट मागवण्यास प्रत्येकाने संमती द्यायची असते. संमती नाकारली, तर फेडरल मदतच मिळत नाही. आम्ही दोघे संयुक्त विवरणपत्र भरत असल्याने पालकांपैकी एकट्या माझी संमती पुरली. ही थेट पद्धत आल्यापासून एजीआय, भरलेला कर, शिक्षणविषयक करसवलत असे बहुतेक आकडे हाताने लिहावे लागत नाहीत. ८-आर ओळीवरील आकडा मात्र त्या माहितीबरोबर येत नाही, तो विद्यार्थ्यानेच लिहायचा असतो. शिवाय आयआरएसकडून आलेले आकडे सुरक्षेच्या कारणास्तव अर्जात दिसतच नाहीत. एकीकडे न दिसणाऱ्या एजीआयमध्ये ११,९०० डॉलर शिरलेले असतात आणि दुसरीकडे ते वजा करण्यासाठीची चौकट रिकामी समोर असते. या दोहोंचा संबंध अर्जातून कळण्याचा कोणताही मार्ग मला दिसला नाही. विवरणपत्र शेजारी उघडून ठेवले नसते, तर मुलीने त्या चौकटीत काय लिहिले असते, हे सांगता येत नाही.

तिने विचारले, "आई, इथं पंचेचाळीस हजार लिहायचे का? लेटरमध्ये तेवढेच आहेत." मी जोडपत्राची प्रत पुढे केली आणि ८-आर ओळीवरचा आकडा जसाच्या तसा लिहायला सांगितला. थोड्या वेळाने माझ्या विभागातही हाच प्रश्न आला. तो पालक स्वतः शिकत असतील आणि त्यांनी आपल्या विवरणपत्रात शिष्यवृत्ती दाखवली असेल, तर त्यांच्यासाठी असतो. मुलीची शिष्यवृत्ती तेथे लिहायची नसते, कारण ती माझ्या उत्पन्नात कधी आलेलीच नव्हती. मी शून्य लिहिले. माझ्या ओळखीच्या एका घरात आई रात्रीचे वर्ग करून परिचारिकेचा अभ्यासक्रम पूर्ण करत होती. तिला मिळालेल्या अनुदानाचा काही भाग करपात्र ठरला होता, आणि त्या घरी पालकांच्या विभागातील हा प्रश्न खरोखर उपयोगी पडला.

या एका चौकटीने किती फरक पडतो, हे पाहण्यासाठी मी शिक्षण विभागाने प्रसिद्ध केलेल्या सूत्राप्रमाणे कागदावर आकडेमोड केली. नव्या पद्धतीत कुटुंबाच्या ऐपतीचा जो निर्देशांक काढतात, त्याला एसएआय म्हणतात. पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याच्या उत्पन्नातून कर, वेतनावरील सामाजिक सुरक्षेचा वाटा आणि २०२५-२६ साठी ११,५१० डॉलरची संरक्षित रक्कम वजा करतात आणि उरलेल्याचा निम्मा भाग शिक्षणासाठी उपलब्ध आहे असे धरतात. पालकांच्या उत्पन्नाला चढते दर असतात, विद्यार्थ्याच्या उत्पन्नाला सरसकट ५० टक्के, त्यामुळे विद्यार्थ्याच्या नावावरचा डॉलर सहसा अधिक महाग पडतो. चौकट रिकामी राहिली असती, तर १८,००० डॉलरमधून वजावटी जाऊन साडेपाच हजारांच्या आसपास उरले असते आणि एसएआयमध्ये तिच्या उत्पन्नाचा वाटा सुमारे २,७०० ते २,८०० डॉलर धरला गेला असता. ११,९०० डॉलर वजा झाल्यावर तिचे उत्पन्न केवळ वेतनाएवढे, म्हणजे ६,१०० डॉलर राहिले. ते संरक्षित रकमेच्या खाली असल्याने तिच्या उत्पन्नातून कोणताही वाटा अपेक्षित धरला गेला नाही. करसवलतीसाठी आपण होऊन ४,००० डॉलर तिच्या उत्पन्नात घातले होते, त्यांचाही फटका बसला नाही. आमच्या विवरणपत्रातील शिक्षणविषयक सवलतही याच सूत्रात पालकांच्या उत्पन्नातून वजा होते, आणि ती माहिती आयआरएसकडून आपोआप जाते.

काही आठवड्यांनी महाविद्यालयाच्या फायनान्शियल एड ऑफिसमधून मुलीला ईमेल आले. तिने लिहिलेल्या रकमेच्या पुष्टीसाठी २०२३ च्या विवरणपत्राची स्वाक्षरी केलेली प्रत शेड्यूल वनसह पाठवावी, असे त्यात म्हटले होते. तिने ती त्याच दिवशी पाठवली. पुढे दूरध्वनीवर बोलताना तेथील समुपदेशिकेने या मागणीचे कारण समजावून सांगितले. या चौकटीत मदतपत्रावरील संपूर्ण शिष्यवृत्ती लिहिणारे विद्यार्थी दरवर्षी असतात, आणि ज्याचा एजीआय चार हजार आहे त्याने करपात्र शिष्यवृत्ती चाळीस हजार लिहिली, की ती माहिती परस्परविरोधी ठरते. जी रक्कम उत्पन्नात धरलीच नव्हती ती उत्पन्नातून वजा करता येत नाही, हे तिने अतिशय शांतपणे आणि बहुधा अनेकदा सांगून सवयीच्या झालेल्या शब्दांत सांगितले. अशी विसंगती दूर होईपर्यंत मदत मंजूर होत नाही. कागद हाताशी नसेल, तर आयआरएसच्या संकेतस्थळावर विद्यार्थ्याच्या नावाने खाते उघडून विवरणपत्राचा ट्रान्सक्रिप्ट विनामूल्य मिळवता येतो, हेही तिच्याकडूनच कळले.

याच सुमारास पुण्याहून एमएस करायला आलेल्या माझ्या भाच्याने त्याच्या विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीविषयी विचारले. त्याचे प्रकरण सर्वस्वी वेगळे होते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरील विद्यार्थ्याला फॅफ्सातून मदत मिळतच नाही, कारण त्यासाठी नागरिकत्व, ग्रीन कार्ड किंवा कायद्याने मान्य केलेला अन्य दर्जा लागतो. एच-१बी व्हिसावरील आईवडिलांबरोबर आलेली आणि अजून ग्रीन कार्ड न मिळालेली मुलेही याच कारणाने वंचित राहतात, आणि आपल्या समाजात अशी कुटुंबे पुष्कळ आहेत. शिष्यवृत्तीच्या करपात्रतेचा नियम मात्र भाच्यालाही लागू होता. त्याच्या शिष्यवृत्तीच्या राहण्याच्या भागातून विद्यापीठाने १४ टक्के कर आधीच कापून १०४२-एस हा नमुना दिला होता. भारत आणि अमेरिका यांच्यातील करकराराच्या २१ व्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्याला प्रमाणित वजावट घेता येते. इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना ती मिळत नाही. ती घेऊन त्याने १०४०-एनआर हे अनिवासींचे विवरणपत्र भरले आणि कापलेला बराचसा कर परत मिळवला.

मुलीच्या अर्जाचा निर्णय मार्चमध्ये आला आणि महाविद्यालयाने अनुदान आधीच्याच पातळीवर कायम ठेवले. पदवीचा तिचा शेवटचा फॅफ्सा तोच होता. कराचे काम मात्र अजून संपलेले नाही, कारण शिष्यवृत्ती पदवी मिळेपर्यंत खात्यावर जमा होत राहणार आहे. अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट एका विद्यार्थ्यासाठी चारच करवर्षे मिळते आणि २०२२ ते २०२५ मध्ये ती चारही वर्षे वापरून होतात. २०२६ च्या जानेवारीत सुरू होणारे अखेरचे सत्र पाचव्या करवर्षात पडते. त्या वर्षी ४,००० डॉलर डॉर्मकडे वळवण्याचे जुने कारण उरत नाही. खर्चाच्या २० टक्के देणारी लाइफटाइम लर्निंग क्रेडिट ही दुसरी सवलत घेता येईल, पण त्याच वर्षाच्या उत्तरार्धात मुलीची नोकरी सुरू झाली, तर तिच्या पगारावर वळवलेल्या शिष्यवृत्तीची भर पडून तिचा स्वतःचा करदरही १२ टक्के किंवा त्याहून वर जाईल आणि सवलतीचा बराचसा भाग तेथेच जिरेल. शिवाय ती वर्षअखेरीस आमच्यावर अवलंबून धरली जाते की नाही, यावर ती सवलत आम्ही घ्यायची की तिने, हे ठरेल. पुढे उच्च शिक्षणासाठी तिने २०२८-२९ चा फॅफ्सा भरला, तर त्याला २०२६ चेच विवरणपत्र लागेल, म्हणून त्या वर्षाच्या शेड्यूल वनचीही एक प्रत फाइलमध्ये जाईल.